शेजारच्या विहिरीतलं मीठ

नांदेड स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक बॅग, एक होकायंत्र, पाण्यातलं मीठ मोजणारे, लांब दोरीला बांधलेले दोन मीटर आणि निघताना नवऱ्याने मारलेला टोमणा एवढंच सामान होतं. "तेलाच्या कामासाठी गुजरात सोडून मराठवाड्यात जाणारी तू पहिलीच," तो म्हणाला होता, "तिथे लोकांना पाणी मिळायची मारामार." मनमाडला गाडी बदलताना बॅगेची चेन तुटली आणि पुढचा प्रवास मी ती बॅग मांडीवर धरून केला, त्यामुळे त्या टोमण्यावर विचार करायला भरपूर सवड मिळाली.

मी वडोदऱ्याला राहते. मूळची साताऱ्याकडची. तेल कुठे आहे ते शोधणारे लोक वेगळे. सापडलेलं तेल खडकात कसं बसलं आहे, कुठून कुठे सरकतं आणि जास्तीत जास्त बाहेर कसं काढता येईल, हे पाहणं माझं काम. जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं बहुतेकांना वाटतं. तळंबिळं काही नसतं. दगड असतो आणि त्याच्या छिद्रांत, भेगांत तेल मुरलेलं असतं. घाण्यातून निघालेली करडीची पेंड चुरली की बोटांना तेल लागतंच. आमच्या खडकाचंही तसंच आहे, उपसून उपसून थकलं तरी बरंच आत राहतं.

आमच्या तेलक्षेत्रात हे तेल काळ्या दगडाच्या भेगांत आहे. एक विहीर जोरात चालवली की दुसरी मलूल होते आणि तिच्या शेजारच्या तिसरीला मात्र पत्ताही नसतो. कोणती भेग कोणाला जोडलेली आहे, हे वरून कळत नाही आणि इतक्या खोल उतरून पाहण्याची सोय देवाने ठेवलेली नाही. पण तोच काळा दगड मराठवाड्यात उघडा पडलेला आहे, आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्यात विहिरी खोदून ठेवल्या आहेत. प्रत्येक विहीर म्हणजे माझ्यासाठी खिडकी. त्या खिडक्यांतून डोकवायला मी आले होते.

स्टेशनावर सुधाकर गायकवाड घ्यायला आला होता. आम्ही एका वर्गात शिकलो. तो आता नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो आणि केस गेले तरी आवाज तसाच आहे, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याने आधी मला एका टपरीवर नेऊन सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन वर दाण्याचं कूट घातलेला नाश्ता) खायला घातला. टपरीवाल्याने पाहुण्या काय करतात म्हणून विचारलं.

"तेलाचं काम बघतात बाई," सुधाकर म्हणाला.

"करडीचं का सोयाबीनचं?"

"जमिनीतलं."

टपरीवाल्याने कढईतून मान वर केली. "मग हितं कामून आल्या? हितं निस्ता दगड हाय."

"दगडच बघायला आले," मी म्हणाले. त्याने सुधाकरकडे अशा नजरेने पाहिलं की सुधाकरला माझ्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. तो मात्र मनापासून हसला आणि आणखी एक प्लेट मागवली.

दुपारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीत बसून जेवलो. गोदावरी पाहिली. डिसेंबर असल्यामुळे पाणी होतं, संथ आणि थोडं हिरवट. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडची एसटी पकडली.

मुखेडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी उभी होती. मध्येच माळ, मध्येच टेकड्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला पेरू दिला, माझी सगळी चौकशी केली आणि मी सासूला घरी एकटीला ठेवून आले हे कळल्यावर पेरू परत घेतला नाही एवढंच. मुखेडला बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडपासून पुढे टोपल्या, दोरखंड, मिरच्या, कोंबड्या आणि माणसं यांतून वाट काढत आम्ही गावाबाहेरच्या दगडखाणीवर गेलो.

मुखेडच्या बाजूला एक गंमत आहे. काळ्या दगडाचा थर इथे पातळ होत जातो आणि त्याच्याखालचा फार जुना, गुलाबी करडा ग्रॅनाइट वर डोकावू लागतो. पश्चिमेकडे डोंगरच्या डोंगर झाकून बसलेल्या दगडाचा तळ इथे हाताने चाचपता येतो. मला तो चाचपून खरंच आनंद झाला. सुधाकरने त्या आनंदाचा फोटो काढला. तो मी कुणाला दाखवलेला नाही.

मग भेगांच्या दिशा मोजायला बसले. तास दोन तास मोजल्यावर ध्यानात आलं की होकायंत्र दर हातावर वेगळी उत्तर दिशा दाखवत आहे. काळ्या दगडात लोखंड भरपूर, सुई बिचारी भांबावलेली. हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. सुधाकर एका दगडावर बसून पेरू खात होता. त्याला हे केव्हाच कळलं होतं.

"सांगायचं नाही का?"

"म्हटलं, बाई तेल कंपनीच्या हायत. त्यांचं उत्तर येगळं असंल."

उन्हात काठी रोवून, सावलीवरून दिशा धरून सगळं पुन्हा मोजलं. मोठ्या भेगा एकाच अंगाने जात होत्या, वायव्येकडून आग्नेयेकडे. पण भेग दिसते म्हणजे तिच्यातून काही वाहतंच असं नाही. काही भेगा मातीने बुजलेल्या असतात. खरी परीक्षा म्हणजे एका विहिरीत खुणेचं काहीतरी सोडायचं आणि दुसरीत ते येतं का पाहायचं. आमच्याकडे हे काम फार खर्चाचं आणि महिनोन् महिने चालणारं असतं. सुधाकरने मला बोलावलं होतं ते त्यासाठीच. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात त्याने दोन विहिरी पाहून ठेवल्या होत्या. एक जुनी खोदलेली विहीर, आणि हाकेच्या अंतरावर नवा बोअर, अगदी त्याच वायव्य-आग्नेय रेषेत.

"आणि मुहूर्तपण चांगला हाय," तो म्हणाला. "येळवस आलीय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरच्या बाजूला हा मोठा सण. सगळं गाव शेतात जाऊन जेवतं, शहरातली दुकानंसुद्धा बंद राहतात. "त्या दिवशी शिवारात एक मोटर चालत न्हाई. आपलीच काय ती चालू. शेजारच्या उपशाची भानगड नाही." कुणी प्रयोगासाठी एवढ्या मोटारी बंद करून देणार नव्हतं, इथे सणाने करून दिल्या होत्या. मला हे फारच आवडलं.

उदगीरला गाडी बदलून आम्ही संध्याकाळी शिरूरला पोचलो. उदगीरच्या स्टँडवर कानडी, तेलुगू आणि मराठी एकाच भांडणात वापरली जात होती. भांडण खिडकीच्या जागेवरून होतं, ते तिन्ही भाषांत समजलं.

ज्यांच्याकडे उतरले त्या चंद्रकलाबाई. त्यांचा मुलगा सुधाकरचा विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला. पती जाऊन बरीच वर्षं झालेली. बाई स्वतः शेती करतात. उंच, आवाज बारीक, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता शेताकडे बघायची सवय. त्यांनी वरच्या तुकड्यात सीताफळं लावली आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी ती डोक्यावरून घागरी आणून जगवली. येत्या उन्हाळ्यासाठी बोअर पाडला, पाणी लागलं, मोटर बसली. आणि तिथेच अडलं.

कारण बांधाच्या खालच्या अंगाला त्यांच्या धाकट्या दिराची, नरहरींची, विहीर. त्यांची जनावरं आणि हरभरा त्या विहिरीवर. बोअर पाडला त्याच आठवड्यात विहिरीचं पाणी हातभर उतरलं, असं नरहरींचं म्हणणं. वाटण्या झाल्यापासून दोन घरांचं बोलणं कमी होतं, बोअर पाडल्यापासून तेही बंद झालं. दोघांनीही सुधाकरजवळ कबूल केलं होतं की मशीन सांगेल तो फैसला. विहीर आणि बोअर आतून जोडलेले निघाले तर बोअर बंद. नाही निघाले तर नरहरी पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

हे मला सुधाकरने सांगितलं, पण शिरूरला पोचल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी कदाचित आले नसते. मला भेगा हव्या होत्या, फैसला नको होता. तसं मी त्याला म्हणालेही.

"भेग हाय का न्हाई एवढंच सांग," तो म्हणाला. "बाकीचं ते बघतील." आणि कॉलेजच्या परीक्षा आहेत म्हणून सकाळच्या गाडीने नांदेडला निघून गेला.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही बोअरमध्ये मीठ सोडलं. साधं खायचं मीठ, एक पोतं. चंद्रकलाबाईंनी ते पिंपात काठीने ढवळून विरघळवलं. "पाण्याच्या तोंडात मीठ घालून राहिलो," त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की एवढ्याने पाणी खारट होत नाही, काही दिवसांत निघून जातं, फक्त माझ्या मीटरला कळतं. मीटर सोपा होता. पाण्यात मीठ वाढलं की आकडा वाढतो. एक नरहरींच्या विहिरीत पायऱ्यांजवळ, जिथे खडकातून झरा येतो तिथे सोडला; दुसरा हाताशी ठेवला. आकडा कसा वाचायचा ते मी चंद्रकलाबाईंना आणि नरहरींच्या बायकोला, द्वारकाबाईंना, दाखवलं. दोघी शेजारी उभ्या राहून पाहत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. नरहरी बांधावर हाताची घडी घालून उभे. ठेंगणे, भरघोस मिशांचे, आणि पाहुण्यांशी बोलताना अतिशय अदबीचे.

"बाई, च्या घेऊन जावा आमच्याकडं," ते म्हणाले. "आमचं भांडन तुमच्यासंगं न्हाई."

मग त्यांच्या विहिरीवरची मोटर सुरू केली. विहिरीतलं पाणी उतरलं की आजूबाजूच्या भेगांतलं तिकडे ओढलं जातं. बोअरकडून वाट असेल तर मीठ त्या वाटेने येणार होतं.

येळवशीच्या दिवशी सकाळी शिवार माणसांनी भरलं. शेताशेतांत कडब्याच्या कोपी (ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून केलेली छोटी खोपटी) आणि त्यांच्यात चुन्याने रंगवलेले दगड पूजेला मांडलेले. बैलगाड्या, मोटारसायकली, लातूरहून आलेल्या गाड्या. आमच्या मोटारीखेरीज खरोखर एकही मोटर चालू नव्हती. बांधाच्या दोन्ही अंगांना दोन कोपी होत्या, एकाच घराच्या. मला दोन्हीकडून जेवणाचं बोलावणं होतं आणि दोन्हीकडे नाही म्हणायची सोय नव्हती. येळवशीला वाटेवरच्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी तर दोन दिवस त्यांच्या विहिरीत डोकावत होते.

पूजा झाली. लोक मडक्यांतून आंबील (ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसणाची फोडणी घातलेलं) घेऊन शेताच्या कडेने शिंपडत फिरू लागले. शिंपडताना एक ओळ म्हणत होते. कानडी वळणाची वाटली, अर्थ कुणालाच नीट सांगता येईना. मी चंद्रकलाबाईंच्या कोपीत पहिलं जेवण जेवले. भज्जी (तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि भाज्या चिंचेच्या आंबट बेसनात शिजवलेल्या), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर. भज्जी मी तीनदा घेतली. मग जड पोटाने खालच्या विहिरीवर गेले आणि मीटर पाहिला.

आकडा सकाळच्या दुपटीवर गेला होता.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले आहे की एका टिंबावरून रेषा ओढायची नाही. पण माझी भेग, माझी वायव्य-आग्नेय रेषा, माझं बरोबर निघालेलं गणित समोर होतं. शिवाय नरहरी माझ्या पाठीमागेच उभे होते.

"काय म्हनतंय मशीन?"

"आलं," मी म्हणाले. "मीठ आलं. जोडलेलं आहे."

बांधापलीकडे चंद्रकलाबाई उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या वळल्या, बोअरच्या पेटीकडे गेल्या, तिचा फ्यूज काढला आणि बांध ओलांडून खाली आल्या. दोन घरांतली माणसं खायची थांबून पाहत होती. त्यांनी फ्यूज नरहरींच्या हातावर ठेवला.

"घ्या भावजी. झाला फैसला."

आणि परत जाऊन आपल्या कोपीत वाढायला बसल्या. मी त्यांच्या झाडांकडे पाहिलं. गुडघ्याच्या वर आलेली, प्रत्येकाभोवती नीट आळं केलेलं. मला वाईट वाटलं, पण खडक जो आहे तो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ही आमच्या धंद्यातली जुनी सवय.

दुसरं जेवण नरहरींच्या कोपीत. पोटात जागा नव्हती. द्वारकाबाईंनी ताटात उंडा ठेवला आणि आंबिलीचा पेला भरला. त्या ठसठशीत कुंकवाच्या, गोल चेहऱ्याच्या, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या. मी पेला तोंडाला लावला तशा त्या समोर उकिडव्या बसल्या.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमचं मशीन मीठच बघतंय न्हवं? दुसरं काय बघत न्हाई?"

"मीठच पाहतं."

"मग ह्या आंबिलीत बी मीठ हाय. म्याच घातलंय."

तरीही मला कळेना. मी म्हणाले, "हो, छान आहे की."

"तसं न्हाई. आमच्या घरची रीत हाय. आंबिलीचं पयलं गाडगं हिरीला, आसरांना (विहिरीत राहणाऱ्या पाण्याच्या देवता). मगाशी पायरीवरून सोडलं. तुमचं मशीन तितंच लोंबत व्हतं."

नरहरींचा घास हातातच राहिला. "तुला कोन इचारलं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"आसरांचं नाव घेऊन सोडलंय. त्याच्यावर कुनाची झाडं मारू का?" त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. पेला पुन्हा भरला आणि चुलीकडे गेल्या.

मी ताटावरून उठले, हात न धुता विहिरीकडे धावले. खालच्या पायऱ्यांवर पांढरे ओघळ वाळत होते. मीटरचा आकडा एव्हाना खाली येऊन जवळजवळ सकाळच्या जागी बसला होता. बोअरचं मीठ असतं तर ते हळूहळू चढलं असतं आणि हळूहळूच उतरलं असतं. असं उडी मारून येत नाही आणि उडी मारून जात नाही. हे कळायला फार शिकावं लागत नाही, थोडं थांबावं लागतं. मला माझीच लाज वाटली.

परत आले तेव्हा नरहरी उठून उभे होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मिशीवरून हात फिरवला. मग खिशातून फ्यूज काढून माझ्या हातात दिला.

"द्या वैनीला. खरं काय ते हुईस्तवर त्यांच्याकडंच राहू द्या."

बांध ओलांडून मी चंद्रकलाबाईंकडे गेले. झालं ते सांगितलं. त्यांनी फ्यूज घेतला, पदराने पुसला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला माहीत होतं? आंबील सोडलेलं?"

"म्या सोता सोडलंय त्या हिरीत किती वर्सं. थोरली सून व्हते. मशीन वाढलं म्हनले तवाच मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्या शेताकडे पाहत होत्या. "माज्या तोंडून निगालं असतं तर सबब वाटली असती."

खिरीची वाटी पुन्हा पुढे आली, ती मी मुकाट्याने संपवली.

नंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. सण संपला, शिवार रिकामं झालं, मोटारी पुन्हा सुरू झाल्या. मी जवळच्या आणखी विहिरींत उतरून भेगा मोजल्या. एका विहिरीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा सुंदर दिसत होता. तो न्याहाळताना पाय घसरून कमरेपर्यंत भिजले. वर काढायला आलेल्या माणसाने आधी विचारलं, "बाई, सापडलं का तेल?" नरहरींच्या विहिरीतला आकडा मात्र जागचा हलत नव्हता. मनातून मला वाटू लागलं होतं की नाहीच येणार मीठ, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटू लागलं होतं. भेग बुजलेली निघाली तर माझी रेषा चुकणार होती. चुकू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

एका सकाळी मीटरचे सेल संपत आले. मी शिरूरला सेल आणायला गेले आणि हाताशी असलेला दुसरा मीटर विहिरीत सोडून चंद्रकलाबाईंना म्हणाले, अधूनमधून बघत राहा. दुकानात सेल मिळायला वेळ लागला, मग चहा, मग परतीची जीप भरेपर्यंत थांबणं. दुपार टळून गेली.

परत आले तर चंद्रकलाबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या, नरहरींच्या विहिरीच्या. द्वारकाबाई खाली पायरीवर. नरहरी मोटारीच्या पेटीला टेकून.

"आलंय बाई," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "तुमी गेल्यापासून चढूनच राहिलंय. उडी न्हाई. जरा जरा."

मी दोरी हातात घेतली, आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. जुन्या मीटरमध्ये नवे सेल घालून तोही सोडला. तोही तेच म्हणाला. आता शंकेला जागा नव्हती.

"ह्यांना कुणी बोलावलं?" मी नरहरींकडे पाहून विचारलं.

"म्याच," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "त्यांची हीर हाय. त्यांना कळाय नको?"

त्या बाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी पुरलं असतं. मीटर त्यांच्याच हातात होता. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. मीठ आलं नाही असं त्या म्हणाल्या असत्या, दोरी वर ओढून ठेवली असती, तर मला शोध लागला नसता.

फ्यूज त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता. त्यांनी तो काढायला हात घातला, आणि मी न राहवून मध्ये बोलले. खरं तर मला फक्त भेग सांगायची होती. मी म्हणाले की आमच्याकडेसुद्धा असं होतं. वर हद्दी दोन असतात आणि खाली खडक एक. मग दोघं मालक घाईघाईने उपसायला लागले की खडकातली वाट बिघडते, खालून पाणी चढतं आणि तेल जिथल्या तिथे अडकून राहतं. दोघांनाही कमी मिळतं. म्हणून शहाणे लोक एकाची विहीर बंद करत नाहीत. दोघं मिळून एकच साठा समजून चालवतात, कोण केव्हा, किती उपसणार ते ठरवून.

नरहरींनी बराच वेळ ऐकलं. "म्हंजी पाळी," ते म्हणाले.

"हो. पाळी."

"वाटनीच्या आदी ह्या हिरीवर पाळीच व्हती. दादा असताना." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, चंद्रकलाबाईंचे पती. एवढं बोलून त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "पर उन्हाळ्यात पानी तळाला गेलं, तर पयली जनावरं. मग झाडं."

"आन् तवर झाडं वाळली तर?" चंद्रकलाबाईंनी विचारलं. फ्यूज देतानाचे शब्द सोडले तर किती महिन्यांनी दिराशी सरळ बोलत होत्या कोण जाणे.

"जनावर वरडतंय वैनी. झाड वरडत न्हाई."

द्वारकाबाई पायऱ्या चढून वर आल्या, म्हणाल्या, "आज तर हाय न्हवं पानी? मग च्या घ्या." आणि पहिल्यांदा त्या बांधावर सगळ्यांचा चहा झाला. फ्यूज चंद्रकलाबाईंच्या पिशवीतच राहिला. ठरलं ते इतकंच की आठवड्यातले दिवस वाटून घ्यायचे आणि उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघायचं.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला आले. डाळमिलांचा भाजका वास, गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पाठीवर दप्तरं घेऊन धावणारी पोरं. आडत बाजारात सोयाबीनचे ढीग पाहत थोडा वेळ हिंडले. बॅगेला नवी चेन बसवून घेतली. गाडीत बसल्यावर आकडे कागदावर मांडायला घेतले. रेषा बरोबर निघाली होती. मोठ्या भेगांच्या दिशेने वाट मोकळी होती, आडव्या दिशेने बंद. आमच्या क्षेत्रातल्या काही विहिरी एकमेकींना का खातात आणि काही का नाही, याचं बरंचसं उत्तर त्यात होतं. वडोदऱ्याला मी ते मांडलं. कोणत्या विहिरी एकत्र चालवाव्यात, कोणत्या आळीपाळीने, हेही मांडलं. चर्चा झाली, अजून चालू आहे. आमच्याकडे आकडा एखाद्याच्या विरोधात गेला की तो आधी मीटर तपासायला पाठवतो. मीही हेच करत आले आहे. त्या बैठकीत बसल्या बसल्या मला त्या दोन जावांचा हेवा वाटला.

मे महिन्यात द्वारकाबाईंचा फोन आला. पत्र, फोन यांपैकी काहीच मी अपेक्षिलं नव्हतं. आवाज ओळखायला वेळ लागला.

"बाई, हिरीचा तळ उगडा पडला."

"आणि बोअर?"

"बोअर चालतोय. थोडा थोडा."

"मग जनावरं?"

"माज्या माहेरी धाडली म्हयनाभर. तितं नदी हाय. ह्यांनीच नेऊन सोडली."

"आणि तुमची पाळी?"

"आमची पाळी बी झाडाला."

मग मी सवयीने विचारलं, किती झाडं जगली.

"मोजली न्हाईत," त्या म्हणाल्या. "मोजायची कशाला? हिरवी हायती."